दुसऱ्या डोसची तारीख

आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. त्याच्या डोक्यावर, दोन खोल्यांत, सुईताई राहतात. खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कुणी घेत नाही. चौतीस वर्षं त्या आरोग्य केंद्रात मुलांना लस टोचायच्या. आज जे तिशीत आहेत ते सगळे लहानपणी त्यांना बघून पलंगाखाली दडलेले आहेत. त्यातला एक आता पोलिसात आहे. सुईताई समोरून आल्या की तो नकळत डावा दंड चोळतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

या बाईबद्दल मला बरेच दिवस संशय होता, आणि तो उगाच नव्हता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दर रविवारी दुपारी त्यांच्या जिन्यात चपलांचा ढीग. तरुण मुलंमुली फायली घेऊन वर जायची आणि अर्ध्या तासाने एकेक कागद फुंकर घालत खाली यायची. एकदा कपडे द्यायला गेले तेव्हा मी इस्त्रीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वरती शिकवणी वगैरे घेतात का हो त्या?"

"छे! अमेरिकेला शिकायला जाणारी पोरं आहेत ती. लसीच्या तारखा घ्यायला येतात."

"आणि त्या घेतात किती?"

"काही नाही घेत."

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एकटी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि दर रविवारी परक्यांच्या मुलांसाठी दुपारची झोप मोडते? शिवाय जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणे त्या बजावतात की तिथे पोचलास की काय काय विचारलं, काय काय मागितलं, ते सगळं लिहून पाठव. हिला काय करायचंय? ही माहिती पुढे कुणाला देते? माझ्या मावसबहिणीशी मी यावर दोनदा सविस्तर बोलले होते. तिचंही मत पडलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि देवाची करणी अशी, की मलाच तो जिना चढायची वेळ आली.

आमच्या धाकटीला तिकडच्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. व्हिसा झाला, तिकीट झालं. राहिला होता विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा एक फॉर्म. गोवर-गालगुंडाच्या लसीचे दोन डोस, दोन्हींच्या तारखा, त्याखाली डॉक्टरची सही आणि शिक्का, सगळं इंग्रजीत. महिन्यापूर्वीच आलेला तो फॉर्म आम्ही शेवटाला ठेवला, कारण लसीचं कार्ड घरात असणारच हा भरवसा. शनिवारी ट्रंक उघडली. थोरल्याचं कार्ड होतं, धाकटीचं नव्हतं. घर बदलताना कुठेतरी गेलं असणार. फॉर्मची मुदत होती गुरुवारपर्यंत. तो गेला नाही तर वर्गांसाठी नाव नोंदवता येत नाही, आणि नाव नोंदवलं नाही तर व्हिसाचंही अवघड होऊन बसतं, असं धाकटी रडवेल्या आवाजात सांगत होती.

"तुझ्या ट्रंकेत माझ्या शाळेचा बिल्लासुद्धा आहे," आमचे हे म्हणाले, "आणि जे पाहिजे ते नेमकं नाही!"

"सुईताईंकडे जुनी रजिस्टरं आहेत," धाकटी म्हणाली. "माझ्या वर्गातली तिघंजणं जाऊन आली."

"सरकारी रजिस्टरं तिच्या घरात कशी?" मी म्हटलं. रविवारी मी धाकटीबरोबर निघाले. एकटीला तर मी पाठवणारच नव्हते.

खोली स्वच्छ होती, हे मान्य करायला हवं. एक लोखंडी कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि डांबरगोळ्यांचा वास. भिंतीवर देवाची तसबीर नव्हती, तेही मी टिपलं. त्या जागी काचेत घातलेलं एक टंकलिखित पत्र होतं. मी ते वाचतेय हे सुईताईंच्या लक्षात आलं.

"वाचा, वाचा. सगळ्या आया आधी तेच वाचतात."

आरोग्य केंद्र नव्या इमारतीत हललं तेव्हा जुनी रजिस्टरं रद्दीत निघाली होती. ती जपून ठेवायची परवानगी सुईताईंनी लेखी मागितली होती आणि मोठ्या डॉक्टरांनी लेखी दिली होती. सही होती, शिक्काही होता. शिक्का जरा पुसट वाटला मला, पण मी काही बोलले नाही.

"आणि हा पोरांचा उद्योग कधीपासून?" मी विचारलं.

"खालच्या इस्त्रीवाल्याच्या मुलापासून. तिथे पोचल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, इथे मला वर्गात नाव घालू देत नाहीत, लहानपणच्या सुयांच्या तारखा मागतात. आईला विचारलं तर ती म्हणते, तू फार रडला होतास एवढंच आठवतं." सुईताई हसल्या. "मी रजिस्टर काढलं, तारखा वाचून दाखवल्या. केंद्रातल्या आताच्या डॉक्टरांनी रजिस्टर बघून दाखला दिला. मग त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला."

"आणि तिथून पत्रं मागवता ती कशाला?"

माझा आवाज जरा चढलाच असावा. धाकटीने माझा पदर ओढला.

सुईताईंनी टेबलाच्या खणातून एक जाड फाइल काढून माझ्यापुढे सरकवली. "बघा ना. प्रत्येक विद्यापीठाचं तंत्र वेगळं. एकाने लिहिलं, तिथे गेल्यावर क्षयाची तपासणी करायला लावली. एकीने लिहिलं, गोळ्या सुट्या डबीत नेल्या तर विमानतळावर तासभर उभं केलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, औषध मूळ पाकिटात न्या आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या. चष्म्याचं तसंच. दोन जोड न्या आणि नंबरचा कागद बरोबर ठेवा. हे मला कोण सांगणार? मी कुठे गेलेय अमेरिकेला? मी तर अजून विमानात बसले नाही."

मी फाइल चाळली. सगळी तीच रड होती. कुणाला आरोग्य विमा कळला नव्हता, कुणी लसीचा मूळ कागद मोठ्या बॅगेत ठेवला होता आणि बॅगच दोन दिवस उशिरा पोचली होती. पुढे कुणाला माहिती देत असल्याचा पुरावा काही मिळाला नाही. पण पुरावा ठेवण्याइतकी ती बाई कच्ची नसणार, असं मी मनाशी म्हटलं.

मग त्यांनी कपाट उघडलं. आमच्या जुन्या घराचा नंबर विचारला, धाकटीचं जन्मसाल विचारलं, आणि जुन्या चादरीत बांधलेल्या गठ्ठ्यातून तिसरं रजिस्टर काढलं. बोट खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

"ही बघा. पहिला डोस, पंधराव्या महिन्यात. तारीख आहे." बोट उजवीकडे सरकलं. "दुसरा डोस, पाचव्या वर्षी..."

चौकट रिकामी होती.

"नाही दिलेला," सुईताई म्हणाल्या.

"असं कसं? मी स्वतः घेऊन आले होते हिला! बुधवार होता. पायांत पट्ट्याचे लाल बूट होते हिच्या, मला चांगलं आठवतंय."

"आणलं होतंत, बरोबर. इथे शेरा आहे." त्यांनी वाचून दाखवलं. "केंद्रावर आणले. अंगात ताप. परत पाठवले. पुढील बुधवारी बोलावले." मग पान उलटलं, पुढचं उलटलं. "पुढच्या बुधवारी आला नाहीत. त्यानंतरही नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी मुलगी, आणि तिची लस मी चुकवली? तेही धाकटीच्या समोर? मी रजिस्टर हातात घेतलं. त्या ओळीतली आधीची नोंद काळ्या शाईत होती आणि शेरा निळ्या शाईत.

"शाई वेगळी आहे," मी म्हटलं.

"असेल. मध्ये तीन-चार वर्षं गेली."

"शेरा नंतर कुणी घातला नाही कशावरून?"

सुईताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या बुधवारचं सगळंच निळं आहे बाई. खालचे बघा, वरचे बघा. काळं पेन संपलं असेल त्या दिवशी. तुमच्या मुलीविरुद्ध कट करायला मी सतरा वर्षं आधी निळं पेन आणून ठेवलं होतं, असं म्हणायचंय का?"

धाकटी खुदकन हसली. मला ते फार लागलं.

"मी लस दिल्याशिवाय चौकटीत तारीख घालत नसे," सुईताई म्हणाल्या. "आधी सुई, मग पेन. मूल हातातून निसटून पळालं तर? बाटलीच फुटली तर? एकदाही उलटं केलं नाही. म्हणून तर नव्या डॉक्टरांना या कागदांवर सही करायला भीती वाटत नाही. बुधवारी केंद्रावर या. डोस घ्या. त्याच दिवशीची तारीख घाला. गुरुवारच्या आत होऊन जाईल."

"झालेली लस परत का टोचून घ्यायची?" मी म्हटलं आणि चपला घातल्या.

घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं, म्हणजे शाईपर्यंतचं सगळं. ते म्हणाले, "कशाला डोक्याला ताप? आमच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा डॉक्टर आहे. तारीख सांगायची, तो लिहून शिक्का मारून देतो. अमेरिकेतून कोण बघायला येतंय?"

खोटं मला चालत नाही. माझं मन म्हणालं, हे खोटं नाहीच. लस झालेली आहे, फक्त कागद हरवलाय. पण देवापुढे उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं, म्हणून मी माझ्या वह्या काढल्या. लग्न झाल्यापासून मी रोज वही लिहिते. पहाटे प्रार्थना झाली की एक पान. सतरा वर्षांपूर्वीची वही सापडायला सोमवारची अख्खी दुपार गेली. पण सापडली, आणि तो बुधवारही सापडला. माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: "आज धाकटीला लस झाली. जरा रडली. देवा, तुझी कृपा."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. तीनही वेळा मला सुईताईंचा चेहरा दिसला.

मंगळवारी सकाळी मी वही पिशवीत घालून निघाले. धाकटी मागोमाग आली, आई तिथे जाऊन काय बोलेल या धास्तीने असेल. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. तुमचं रजिस्टर तसं माझं रजिस्टर. तुम्ही लिहिलंत ते वेदवाक्य आणि आम्ही लिहिलं ते काय?

सुईताई टेबलावर जुन्या पानांना चिकटपट्टी लावत बसल्या होत्या. मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "हं. वाचा. तारीख बघा, वार बघा."

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मला वाटलं, आता ही माघार घेणार.

"छान लिहिता," त्या म्हणाल्या. "रोज लिहिता?"

"एक दिवस खंड नाही."

"केव्हा लिहिता?"

मी उत्तर द्यायच्या आत धाकटी म्हणाली, "पहाटे. आई पहाटे लिहिते."

"पहाटे." सुईताईंनी वहीवर हात ठेवला. "केंद्र दहाला उघडायचं, बाई."

खालून इस्त्रीवाल्याच्या नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "त्याचं काय आहे..."

त्याचं असं आहे, की माझ्या आईने मला शिकवलं होतं, देवाकडे भिकाऱ्यासारखं मागायचं नाही. जे व्हावंसं वाटतं ते झालं असं मानायचं आणि आधीच आभार मानून मोकळं व्हायचं. म्हणून मी पहाटे दिवसभराचं लिहिते. झालं, मिळालं, पोचले, बरे झाले. गेली तीस वर्षं. बहुतेक वेळा तसंच होतं, म्हणून मला कधी वेगळं वाटलंच नाही. ही माझी श्रद्धा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या खोलीत, त्या टेबलापाशी, माझे कान तापले.

तरी मी हटले नाही. "पहाटे लिहिलं म्हणजे खोटंच असं कुठे आहे? दहा वाजता झालीही असेल लस."

"असेल की," सुईताई म्हणाल्या. वाद घालतील असं वाटलं होतं, त्यांनी घातला नाही. वही माझ्याकडे फिरवली फक्त. "त्याच पानावर खाली काय आहे?"

खाली होतं: "मावशी सुखरूप पोचल्या. पोटभर जेवल्या. गप्पा रंगल्या." धाकटीने वाकून वाचलं आणि पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. शुक्रवारी लिहिलेलं होतं: "मावशी काल एकदाच्या आल्या. गाडी चुकली होती. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं आहे, आज घरी आल्या, देवा, तुझी कृपा."

"आजी त्या वेळी तीन आठवडे दवाखान्यात होती ना?" धाकटीने हळूच विचारलं.

होत्या. सव्वातीन आठवडे. मी रोज डबा नेत होते. आणि मग मला तो बुधवारही दिसायला लागला. लाल बूट, तिचं कपाळ माझ्या गळ्याशी तापलेलं, केंद्राच्या पायऱ्यांवरून परत फिरलेली मी. पुढच्या बुधवारी मी दवाखान्यात होते. आणि वहीत तर लस झालेली होती.

मी खुर्चीत बसले. सुईताईंनी पाण्याचा पेला दिला. मी पाणी प्यायच्या आधी पेल्यात बघितलं. सवय ती सवय.

"तुमचा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी अशी चाळीस-पन्नास मुलं सुटली. मी घरोघर जायला हवं होतं. मी दोनच गल्ल्या फिरले आणि थकले. तुमच्याकडे आले नाही. हे शेऱ्यात लिहिलेलं नाही, पण खरं आहे."

हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, आणि नेमकं तिथेच माझा त्यांच्यावरचा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

"आमचे हे म्हणतात, एक डॉक्टर तारीख घालून देतो," मी म्हटलं.

"मला माहितीये तो. देतो." त्यांनी धाकटीकडे बघितलं. "तू ठरव. तिकडे कधी गोवराची साथ आली ना, की पहिल्यांदा कागद काढतात. ज्यांचे दोन डोस नाहीत त्यांना काही दिवस घरी बसवतात. तुझ्या कागदावर दोन असतील आणि अंगात एकच असेल. तुला घरी बसवणार नाहीत. तू वर्गात जाशील, खोलीतल्या मुलींबरोबर जेवशील. बाकी कागदाचं काय, कागद कुणीही रंगवतं."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिला डोस घ्यायला हो म्हणायचं होतं, पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. खोटं चालत नाही हे सगळं आयुष्य मीच तिला शिकवलं होतं आणि आता मीच मध्ये उभी होते.

"उद्या दहाला जाऊ," मी म्हटलं. "पण बाटली मी बघणार."

"बघायलाच हवी," सुईताई म्हणाल्या. "नाव, मुदत आणि बॅच नंबर. बॅच नंबर लिहूनसुद्धा घ्या, काही विद्यापीठं मागतात."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चूक तुझी निघाली?" मी म्हटलं, "हो." एवढं सरळ उत्तर त्यांनी अपेक्षिलं नव्हतं. ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

बुधवारी केंद्रावर आम्ही पावणेदहालाच हजर. नव्या परिचारिकेला मी बाटली दोनदा दाखवायला लावली. तिने शीतपेटीतला तापमापकही दाखवला, मी न विचारता. बहुधा सुईताईंनी आधीच फोन करून ठेवला असावा. धाकटीने डोळे मिटले, हूं केलं, झालं. डॉक्टरांनी रजिस्टरातली पहिली तारीख स्वतः ताडून बघितली, मग फॉर्म समोर ओढला. दुसऱ्या रकान्याशी पेन नेऊन माझ्याकडे बघितलं.

"आजची?"

एक क्षण मनात आलं, तिकडच्या त्या अनोळखी लोकांना काय वाटेल? बावीस वर्षांच्या मुलीचा बालपणचा डोस कालपरवाचा? कसली आई आहे हिची?

"आजचीच," मी म्हटलं. "अजून सुकलंसुद्धा नाही तिच्या दंडावरचं."

फॉर्म दुपारी गेला. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, की तुमची आरोग्याची कागदपत्रं पूर्ण आहेत, नावनोंदणी करू शकता. मी धाकटीला ते तीनदा वाचायला लावलं. खाली कुणाची सही आहे विचारलं. सही नव्हती, नुसतं विभागाचं नाव. मी म्हटलं, असं कसं बिनसहीचं? तिने माझ्यादेखत वर्गांची यादी उघडली आणि चार विषयांपुढे खूण केली. चारही खुणा टिकल्या. मग कुठे मी श्वास सोडला.

सुईताईंना सांगायला आम्ही दोघी गेलो. त्यांनी "बरं झालं" म्हटलं, एवढंच. अभिनंदन नाही, काही नाही. धाकटीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि म्हणाल्या, "आ कर."

"आता हे काय?" मी पुढे झाले.

"डाव्या बाजूची दाढ किडलीय. तिकडे दाताचं विम्यात धरत नाहीत, तिघांनी कळवलंय मला. जायच्या आधी इथेच भरून घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही बघा."

मी चष्मा लावला आणि बघितलं. होती किडलेली.